सैनिकी इतिहासाचे पहिले व्याख्यान भरवताना : इंदूरच्या मराठी मंडळांसाठी मार्गदर्शक

इंदूरच्या मराठी मंडळांना व्याख्याने नवीन नाहीत. सभागृह कसे मिळवावे, पाहुण्यांना स्थानकावरून कोणी आणावे, आभारप्रदर्शन किती मिनिटांत आटोपावे, हे शारदोत्सव आणि गणेशोत्सव करून करून बहुतेक कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु एखाद्या लढाईचे, पलटणीचे किंवा धारातीर्थी पडलेल्या सैनिकांचे स्मरण करणारा जाहीर कार्यक्रम त्याच साच्यात बसवला की तो कुठेतरी फसतो. येथे श्रोत्यांमध्ये अशी माणसे बसलेली असतात, की व्यासपीठावरून ज्याविषयी बोलले जाते ते त्यांनी स्वतः पाहिलेले असते, किंवा त्यांच्या घरातील कोणीतरी तेथून परत आलेले नसते. इतर कार्यक्रमांत खपून जाणारी चुकीची तारीख किंवा चुकीचा हुद्दा येथे कोणाच्या तरी मनाला लागतो.

आमचे छोटे मंडळ गेली सात वर्षे दर डिसेंबरात असे एक व्याख्यान भरवत आहे. या काळात आमच्या हातून झालेल्या चुका आणि त्यांतून लागलेल्या सवयी पुढे क्रमाने मांडल्या आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे : नाव, हुद्दा, तारीख आणि स्थळ अचूक असणे हाच अशा कार्यक्रमात सैनिकाला दिलेला पहिला मान आहे. हारतुरे त्यानंतर येतात.

१. विषय लहान घ्या आणि जवळचा घ्या

नवीन आयोजकांची पहिली धाव बहुधा 'भारतीय सैन्याची शौर्यगाथा' अशा विषयाकडे असते. एवढा मोठा विषय दीड तासात मावत नाही, वक्ता सगळ्यालाच वरवर स्पर्श करतो आणि श्रोते घरी जाताना एकही गोष्ट सोबत नेत नाहीत. त्याऐवजी एक लढाई, एक पलटण किंवा एक मोहीम निवडा, आणि शक्यतो ती माळव्याशी जोडलेली असू द्या.

या बाबतीत इंदूर भाग्यवान आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांची फौज आणि सर थॉमस हिस्लॉप यांच्या हाताखालील इंग्रज फौज यांची लढाई झाली आणि त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसौरचा तह झाला. इंदूरजवळच्या महूची लष्करी छावणी त्याच घडामोडींतून १८१८ मध्ये उभी राहिली. १ जुलै १८५७ रोजी सआदत खान आणि त्यांच्या साथीदारांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज वकिलाच्या ठाण्यावर, केलेला हल्ला याच शहरात घडला. पहिल्या यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत माघार घ्यायला लावली. तेच यशवंतराव शेवटच्या काळात भानपुऱ्यात तोफा ओतवून घेत होते आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजी तेथेच वारले. त्यांची छत्री आजही भानपुऱ्यात उभी आहे.

अलीकडच्या काळातला विषय हवा असेल तर होळकर संस्थानाच्या पायदळाचे पुढे काय झाले, हा प्रश्न घ्या. संस्थाने विलीन झाल्यावर ही पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली आणि '१५ कुमाऊँ (इंदूर)' या नावाने तिने शहराचे नाव आपल्याबरोबर नेले. ग्वाल्हेरच्या पलटणीची त्याचप्रमाणे '१४ कुमाऊँ (ग्वाल्हेर)' झाली. ही गोष्ट इंदूरमधील जुन्या मराठी घरांतही फार थोड्यांना ठाऊक असते आणि ती ऐकताना श्रोते कान टवकारतात, हे मी स्वतः पाहिले आहे. १९७१ च्या युद्धावर बोलायचे असेल तरी महूचा धागा हाती आहेच, कारण फील्ड मार्शल सॅम माणेकशा हे त्याआधीच्या काळात महूच्या इन्फंट्री स्कूलचे प्रमुख होते.

तारीख ठरवताना दिनविशेष समोर ठेवा : सेनादिन १५ जानेवारी, कारगिल विजय दिवस २६ जुलै, इन्फंट्री दिन २७ ऑक्टोबर, सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबर, विजय दिवस १६ डिसेंबर. मात्र नेमक्या दिवशीच कार्यक्रम करण्याचा हट्ट धरू नका. त्या दिवशी महूत लष्कराचे स्वतःचे समारंभ असतात, त्यामुळे तुम्हाला हवे असलेले निवृत्त अधिकारी आणि माजी सैनिक तिकडे गेलेले असतात. आम्ही पहिल्या वर्षी १६ डिसेंबर धरली आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम केला तेच आले नाहीत. आता आम्ही त्या आठवड्यानंतरचा रविवार घेतो, जो महिदपूरच्या तारखेच्याही जवळ पडतो.

२. तपशील पडताळून एक टिपण करा

व्याख्यान वक्ता देणार असला तरी निमंत्रणपत्रिका, फ्लेक्स, सूत्रसंचालकाचे निवेदन आणि वर्तमानपत्राला पाठवायची बातमी तुम्हीच लिहिणार असता, आणि बहुतेक चुका तेथेच होतात. म्हणून विषय ठरताच दोन पानांचे टिपण करा. त्यात प्रत्येक तारीख, हुद्दा, पलटण आणि आकडा कुठून घेतला हे शेजारी लिहून ठेवा. ज्या गोष्टीशेजारी काहीच लिहिता येत नाही, ती फ्लेक्सवर जाता कामा नये.

मराठेशाहीच्या विषयांत तीन सापळे नेहमीचे आहेत. पहिला नावांचा. मल्हारराव दोन आहेत : सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये वारले आणि महिदपूरच्या लढाईच्या वेळी गादीवर असलेले दुसरे मल्हारराव त्या वेळी सुमारे अकरा वर्षांचे होते. महिदपूरच्या पत्रिकेवर थोरल्या सुभेदारांचे चित्र छापलेले मी पाहिले आहे. यशवंतराव आणि तुकोजीराव या नावांतही असाच घोळ होतो, म्हणून नावापुढे 'पहिले' किंवा 'दुसरे' असे न चुकता लिहा.

दुसरा सापळा तिथी आणि तारखांचा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला झाली. आपल्याकडे 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार इतका रुळला आहे, की निवेदक सहज 'संक्रांतीच्या त्या दिवशी' असे म्हणून जातात. प्रत्यक्षात संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकत आली आहे आणि १७६१ मध्ये ती जानेवारीच्या १० तारखेच्या आसपास येत असे. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. छावणीतल्या उपासमारीत ती कशी गेली असेल, हे वक्त्याने सांगितले तर ते खरेही ठरेल आणि अधिक बोचेलही.

तिसरा सापळा आकड्यांचा. महिदपूरला इंग्रजांनी आपले मेलेले आणि जखमी नावनिशीवार मोजले. होळकरांकडील हानी मात्र त्यांनी अंदाजाने लिहिली. 'सुमारे ३,०००' हा जो आकडा वाचायला मिळतो तो त्यांचाच अंदाज आहे आणि तो तसाच, 'इंग्रजांच्या अंदाजानुसार', असे म्हणून सांगावा. बखरीतील आकड्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे. बखर बऱ्याचदा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असते, त्यामुळे त्याच महिन्यातले पत्र उपलब्ध असेल तर त्याला अधिक वजन द्यावे.

इंदूरमध्ये पानिपतवर बोलणार असाल तर आणखी एका प्रश्नाची तयारी हवी, कारण तो हमखास येतो : सुभेदार मल्हारराव रणातून का निघाले? काहींच्या मते अब्दालीच्या बाजूच्या नजीबखानाशी असलेल्या जुन्या संबंधांमुळे, तर काही साधने सांगतात की भाऊसाहेबांनीच त्यांना बायकामाणसे घेऊन निघण्यास सांगितले होते. या शहरात हा प्रश्न अनेकांच्या घरचा आहे. वक्त्याला आधीच कळवा, की कोणतीही बाजू घ्यायला हरकत नाही, पण ती कोणत्या साधनाच्या आधारे घेत आहात हे श्रोत्यांना सांगावे. महिदपूरच्या बाबतीत असाच प्रश्न होळकरांचे सरदार गफूर खान यांच्या फितुरीचा येतो, कारण मंदसौरच्या तहाने त्यांची जावऱ्याची जहागीर कायम केली. आरोप आणि पुरावा यांतला फरक वक्त्याने स्पष्ट केला, तर सभागृहातील तापमान आपोआप खाली येते.

माळव्यातील मराठी कागदपत्रांसाठी सीतामऊची श्री नटनागर शोध संस्था आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन जागा सर्वांत उपयोगी पडतात. मोडी वाचणारा माणूस तुमच्या ओळखीत नसेल तर छापील साधनांवर थांबावे, तेवढी एका व्याख्यानाला पुरतात. दोन महायुद्धांत कामी आलेल्या भारतीय सैनिकांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत नाव, पलटण आणि तारीख यांनुसार शोधता येतात. स्वतंत्र भारतासाठी प्राण दिलेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर कोरलेली आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि त्यावर २५ हजारांहून अधिक नावे आहेत. आपल्या भागातील एखाद्या जवानाचे नाव घेणार असाल तर ते तेथील नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

३. वक्ता ठरवताना

वक्ते तीन प्रकारचे मिळतात : इतिहासाचे अभ्यासक, निवृत्त अधिकारी आणि सेवेतील अधिकारी. मराठेशाहीसाठी अभ्यासक आणि १९४७ नंतरच्या युद्धांसाठी निवृत्त अधिकारी, ही विभागणी साधारणपणे बरी ठरते.

सेवेतील अधिकाऱ्याला बोलवायचे असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला जाहीर व्याख्यान देता येत नाही. तो तुम्हाला ओळखीपोटी तोंडी 'हो' म्हणेल, पण तुमची तयारी त्या 'हो'वर उभी राहू शकत नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही असाच एक तोंडी होकार घेऊन पत्रिका छापल्या. परवानगी वेळेत आली नाही आणि कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना आम्ही त्या अधिकाऱ्याला विनाकारण संकोचात टाकले. चूक पूर्णपणे आमची होती. महूतील एखाद्या लष्करी संस्थेकडून वक्ता किंवा बँड हवा असेल तर तेथील लष्कराच्या स्टेशन मुख्यालयाच्या नावे मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात कार्यक्रमाचा हेतू, विषय, स्थळ, व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि अपेक्षित उपस्थिती लिहा, आणि किमान दोन महिने हाताशी ठेवा. व्यासपीठावर राजकीय पक्षाचे पदाधिकारी असतील तर ते लपवू नका. बहुधा त्याच कारणाने नकार येईल, पण तो वेळेवर येईल.

भाषेचा निर्णयही येथेच घ्या. इंदूरमध्ये अर्धे श्रोते मराठी आणि अर्धे हिंदी असतात, आणि आपल्याच घरांतली तरुण मंडळी मराठी समजतात पण लांबलचक ऐतिहासिक मराठीत अडखळतात. आम्ही व्याख्यान मराठीत आणि प्रश्नोत्तरे दोन्ही भाषांत, असे पत्रिकेवर स्पष्ट छापतो. ऐन वेळी 'हिंदी में बोलिए' अशी मागणी आली की वक्त्याची लय तुटते.

४. माजी सैनिक, वीरनारी आणि त्यांची नावे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. माजी सैनिकांशी संपर्क साधण्याचा योग्य मार्ग म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तेथे पत्र देऊन कार्यक्रमाची माहिती कळवा आणि निमंत्रणे त्यांच्यामार्फत पोहोचवण्याची विनंती करा. कोणाचे पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक मागू नका. ज्यांना यायचे असेल ते स्वतः संपर्क करतात.

हुद्द्यांबाबत नागरिकांचा फार गोंधळ होतो. सुभेदार मेजर आणि मेजर हे दोन वेगळे हुद्दे आहेत. सुभेदार मेजर हा ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांतला सर्वोच्च हुद्दा असून तेथवर पोहोचण्यासाठी माणसाने शिपाई म्हणून सुरुवात करून पंचवीस-तीस वर्षे घातलेली असतात. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या फ्लेक्सवर एका सुभेदार मेजरांच्या नावाआधीचा 'सुभेदार' छपाईत गळला. आम्हाला वाटले, हुद्दा वाढलाच आहे, कमी तर नाही झाला. ते गृहस्थ कार्यक्रमाआधी अर्धा तास आले, काठी टेकत फ्लेक्ससमोर गेले, 'मेजर' या शब्दाच्या आधीच्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, इथे माझी अठ्ठावीस वर्षे होती." त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक नाव, ज्याचे त्याच्याकडून कागदावर लिहून घेतल्याशिवाय छापखान्यात पाठवत नाही.

लिहिण्याचे आणखी काही संकेत आहेत. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो. म्हणून 'निवृत्त कर्नल अमुक' असे न लिहिता 'कर्नल अमुक (निवृत्त)' असे लिहावे. रिसाल्याच्या पलटणींत सुभेदाराऐवजी रिसालदार असतो. शौर्यपदकाच्या बाबतीत 'विजेते' हा शब्द टाळावा, कारण पदक स्पर्धेत जिंकलेले नसते. 'परमवीर चक्राने सन्मानित' किंवा 'परमवीर चक्राचे मानकरी' असे म्हणावे. लष्कराच्या अधिकृत भाषेत 'शहीद' हा शब्द वापरला जात नाही आणि मराठीला त्याची गरजही नाही, कारण वीरमरण, हौतात्म्य, धारातीर्थी पडणे, असे अधिक नेमके शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. परमवीर चक्राचा विषय निघालाच तर त्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली, हे श्रोत्यांना जरूर सांगा. जन्माने युरोपीय असलेल्या या बाईंनी मराठी घरात संसार केला. पदकाची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली, आणि सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना १९४८ च्या नौशेरा-राजौरी मोहिमेतील कामगिरीसाठी ते जिवंतपणी मिळाले.

वीरनारी आणि वीरमातांना, म्हणजे धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या पत्नी आणि मातांना, व्यासपीठावर बोलावून सत्कार करण्याची पद्धत आहे. तो करण्यापूर्वी त्यांना घरी जाऊन विचारा. काहींना सर्वांसमोर उभे राहणे नको असते, काहींना आपल्या माणसाविषयी दोन वाक्ये बोलायची असतात, आणि या दोन्ही इच्छा पाळायला हव्यात. छायाचित्रासाठी त्यांना पुन्हा पुन्हा उभे करू नका. त्यांच्या येण्याजाण्याची गाडी मंडळाने करावी आणि परत सोडायला एखादी कार्यकर्ती सोबत जावी.

५. परवानग्या आणि कागदपत्रे

इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलिस आयुक्त प्रणाली आहे, त्यामुळे जाहीर कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज संबंधित पोलिस कार्यालयाकडे जातो. बंद सभागृहातील व्याख्यानासाठी स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी माहिती दिलेली बरी. मैदान, चौक किंवा मिरवणूक असेल तर परवानगी लागतेच. अर्जाची प्रत शिक्क्यानिशी परत घ्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती जवळ ठेवा. पुढील कागद एका फाइलमध्ये असावेत :

– मंडळाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आणि कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत
– अध्यक्ष किंवा सचिवांच्या ओळखपत्राची प्रत
– सभागृहाची आरक्षण पावती आणि अनामत रकमेची पावती
– पोलिसांना दिलेल्या अर्जाची पोच, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी
– वक्त्याचे लेखी संमतिपत्र, आणि सेवेत असल्यास त्याच्या परवानगीची प्रत
– दाखवायची छायाचित्रे आणि चित्रफिती वापरण्याची अनुमती
– प्रदर्शन असल्यास वस्तूंची यादी, मालकांच्या सह्यांसह

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक चालत नाही. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ हाही लागू आहेच, आणि परीक्षांच्या काळात प्रशासन अधिक कडक होते.

जुन्या तलवारी, भाले आणि ठासणीच्या बंदुका यांचे प्रदर्शन मांडण्याचा मोह अनेकांना होतो. माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी तो टाळावा. शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो, पोलिसांची स्वतंत्र लेखी परवानगी लागते, रात्रंदिवस पहारा लागतो, आणि लहान मुले हाताळायला धावतात ते वेगळेच. नकाशे, पत्रांच्या प्रती आणि छायाचित्रे यांचे प्रदर्शन याहून अधिक शिकवते. मुलांना नाटुकल्यात सैनिकांच्या भूमिका द्यायच्या असतील तर आजच्या सैन्याचा हुबेहूब गणवेश, चिन्हे आणि पदके लावू नयेत.

'सैनिकांसाठी' म्हणून सभागृहात डबा फिरवू नका. ज्यांना मदत करायची आहे त्यांना ध्वजदिन निधीची माहिती द्या, रक्कम तेथे थेट जाऊ द्या. मंडळाच्या हाती पैसा आला की त्याच्या हिशेबाची चर्चा सुरू होते आणि कार्यक्रमाच्या मूळ हेतूवर सावट येते.

६. सभागृह, नकाशा आणि ध्वज

सभागृह लहान घ्या. रवींद्र नाट्यगृहात विखुरलेले दीडशे लोक केविलवाणे दिसतात, तेच दीडशे लोक छोट्या सभागृहात बसले की वातावरण तयार होते. जिने किती आहेत ते आधी मोजा, कारण तुमचे मुख्य पाहुणे सत्तरी-ऐंशीतले असणार आहेत. चाकाच्या खुर्चीची वाट आणि स्वच्छतागृहाचे अंतर एकदा स्वतः चालून पाहा.

लढाईचे व्याख्यान नकाशाशिवाय कळत नाही. महिदपूरची लढाई समजावताना क्षिप्रेचे वळण, उतार, अलीकडच्या तीरावर इंग्रज आणि पलीकडे होळकरांच्या तोफांची रांग, एवढे चार घटक मोठ्या अक्षरांत दाखवले तरी पुरते. त्या तोफांच्या माऱ्याखालून नदी ओलांडावी लागली, आणि घोडदळ हटल्यावरही गोलंदाज आपल्या तोफांपाशी उभे राहिले, हे नकाशावर बोट ठेवून सांगितले की शेवटच्या रांगेतल्या मुलालाही समजते. भारताचा नकाशा दाखवताना मात्र तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणाराच असावा. इंटरनेटवर मिळणाऱ्या अनेक नकाशांत काश्मीर आणि लडाखच्या सीमा तोडलेल्या असतात, आणि चुकीच्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. निवृत्त सैनिकांसमोर असा नकाशा पडद्यावर आला तर पुढचे व्याख्यान कोणी ऐकणार नाही.

राष्ट्रध्वजाविषयी भारतीय ध्वजसंहिता, २००२ वाचून ठेवा. व्यासपीठावर ध्वज दांड्यावर असेल तर तो श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला असावा. भिंतीवर लावायचा असेल तर वक्त्याच्या मागे आणि त्याच्या डोक्यापेक्षा उंच असावा. टेबलावर पसरणे, व्यासपीठाच्या कठड्याला झालरीसारखा गुंडाळणे, त्यावर काही लिहिणे, हे सर्व वर्ज्य आहे. सजावट करणाऱ्याला हे तोंडी न सांगता लिहून द्या. कागदी ध्वज वाटले असतील तर कार्यक्रमानंतर खुर्च्यांखालून ते गोळा करण्यासाठी दोन जण नेमा.

७. प्रत्यक्ष कार्यक्रम

दीड तास पुष्कळ झाला. आमचा क्रम असा असतो : पाच मिनिटांचे प्रास्ताविक, पुष्पचक्र आणि दोन मिनिटांचे मौन, पन्नास मिनिटांचे व्याख्यान, वीस मिनिटांची प्रश्नोत्तरे, पाच मिनिटांचा सत्कार आणि शेवटी राष्ट्रगीत. मौन घड्याळ लावून पाळा. चाळीस सेकंदांत ते आटोपणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि पुढच्या रांगेतील माजी सैनिक तेव्हा ताठ उभेच होते. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. ते ध्वनिमुद्रित न लावता सर्वांनी म्हणावे, आणि सुरुवात करून देणारा एक खडा आवाज आधीच ठरवून ठेवावा.

पहिली रांग माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखा आणि ती शेवटपर्यंत राखा. उशिरा आलेल्या मान्यवरांसाठी त्यांना उठवणे, हा मी पाहिलेला सर्वांत वाईट प्रकार आहे. मान्यवरांच्या भाषणांना पत्रिकेतच जागा ठेवू नका, म्हणजे ऐन वेळी 'दोन शब्द' बोलण्याचा आग्रह नाकारता येतो.

प्रश्नोत्तरांत प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. त्यामुळे भाषणे करणारे प्रश्नकर्ते आवरतात आणि बुजरी मुलेही विचारतात. कोणत्याही समाजाविषयी किंवा शेजारी देशातील सामान्य माणसांविषयी द्वेषाने लिहिलेली चिठ्ठी सूत्रसंचालकाने बाजूला ठेवावी. युद्ध पाहिलेले लोक शत्रूच्या सैनिकाविषयी अशा भाषेत बोलत नाहीत, आणि त्यांच्यासमोर ती भाषा शोभत नाही. एखादे माजी सैनिक उभे राहून आठवण सांगू लागले तर मात्र घड्याळ विसरा. पाचव्या वर्षी १९७१ च्या पूर्व आघाडीवर असलेले एक आजोबा मधूनच उठले आणि ढाक्याच्या वाटेवर नदी पार करताना आपल्या सोबत्याचा बूट चिखलात कसा राहून गेला, एवढेच सांगून खाली बसले. वक्त्याने आपली पुढची दहा मिनिटे त्या नदीला दिली.

८. कार्यक्रमानंतरचा आठवडा

वर्तमानपत्राला पाठवलेल्या बातमीत नाव किंवा हुद्दा चुकून छापला गेला तर त्याच दिवशी दुरुस्तीचे पत्र द्या आणि संबंधितांना फोन करून सांगा. प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी छापील छायाचित्र आणि हाताने लिहिलेले आभारपत्र पाठवा. मोबाइलवर पाठवलेले छायाचित्र दोन महिन्यांत हरवते, छापलेले भिंतीवर लागते. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण वक्त्याच्या संमतीने जतन करा. माजी सैनिकांनी सांगितलेल्या आठवणी वेगळ्या उतरवून, त्यांना वाचून दाखवून, त्यांची सही घ्या. एखाद्या ठिकाणाचे किंवा पलटणीचे नाव लिहून घेताना चुकले असेल तर ते तेव्हाच सांगतात, आणि मग ते पान मंडळाच्या फाइलमध्ये, पुढच्या वर्षीच्या टिपणाच्या आधी लावून ठेवा.